भांडवल आणि पारखी

महागांव तालुक्यांतील फुलसावंगी हें नांव ऑगस्ट 2021 मध्यें देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलें. वडील मंडळींस तो प्रसंग आठवत असेल. जीं मुलें त्या वेळीं लहान होतीं त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. आठवीपर्यंत शिकलेला, वेल्डिंगचें काम करणारा चोवीस वर्षांचा एक मुसलमान तरुण सुमारें दोन वर्षें खपून एकाच माणसास बसतां येईल असें हेलिकॉप्टर तयार करीत होता. मोटारीचें इंजिन, लोखंडी नळ्या आणि यूट्यूबवर पाहून मिळविलेली विद्या, एवढी त्याची सामग्री. स्वातंत्र्यदिनीं तें यंत्र लोकांस दाखवावें अशी त्याची उमेद होती. त्या दिवसाच्या थोडेंच आधीं, रात्रीं चांचणी घेत असतां, मागील पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, त्याच्या पात्याचा आघात डोक्यास झाला, आणि तो तरुण गेला.

त्या दिवसांत आमच्या कानांवर दोन तऱ्हेचीं बोलणीं आलीं. कोणी म्हणाले, हा नसता उद्योग. आपली पायरी ओळखून वागावें. कोणी म्हणाले, या पोराला कोणी पैसा दिला असता तर आज हा तालुका नांवारूपास आला असता. आम्हांस हीं दोन्ही मतें पटलीं नाहींत व अद्यापि पटत नाहींत. पहिल्या मताविषयीं बोलण्याचेंही कारण नाहीं. दुसऱ्या मतांत दया आहे, परंतु विचार अपुरा आहे. नुसता पैसा हातीं आला असता तर त्या तरुणानें याहून मोठें इंजिन आणलें असतें, एवढेंच. त्याला उणें होतें तें निराळेंच. सांगाडा आधीं जमिनीस बोल्टांनीं जखडून टाक, स्वतः भिंतीआड उभा राहा, पंखा दुरून फिरव, पुष्कळ तास फिरव, पातें कोठें चिरतें तें पाहा, आणि मगच आंत बसण्याचा विचार कर, असें अधिकारानें सांगणारा माणूस त्याच्या शेजारीं नव्हता. असा माणूस बाजारांत विकत मिळत नाहीं. तो ज्या ठिकाणीं पगारावर नेमलेला असतो त्या ठिकाणास महाविद्यालय म्हणतात.

हा लेख लिहिण्याचें प्रयोजन इतकेंच कीं, अल्पसंख्याक समाजांतील ज्या मुलामुलींस स्वतःचा उद्योग उभारण्याची हौस आहे त्यांस मिळणारें साहाय्य महाविद्यालयाच्या द्वारें मिळावें, आणि पहिला पैसा तरी अनुदान म्हणून मिळावा, कर्ज म्हणून नव्हे.

सध्यां व्यवस्था कशी आहे तें पालकांनीं नीट समजून घ्यावें. राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाच्या 1992 च्या कायद्याखालीं 1993 सालीं मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध व पारशी हे पांच समाज अल्पसंख्याक म्हणून जाहीर झाले. 2014 सालीं त्यांत जैन समाजाची भर पडली. या समाजांतील गरजूंकरितां 1994 सालीं केंद्राचें राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ निघालें, आणि 2000 सालीं आपल्या राज्यांत मौलाना आझाद यांच्या नांवाचें आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालें. दोहोंचें मुख्य काम कर्ज देण्याचें. व्याज हलकें असतें हें खरें, परंतु कर्ज म्हटलें कीं जामीन आला. ज्याच्या नांवें सातबारा नाहीं, ज्याच्या गोतावळ्यांत एकही पगारदार नाहीं, त्यानें जामीनदार आणावा कोठून? आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील असाच एक अर्ज घेऊन आमच्याकडे आले होते. सर्व रकाने त्यांनीं सुवाच्य अक्षरांत भरले होते. जामीनदाराचा रकाना मात्र कोरा होता. तेथें सही करण्याविषयीं त्यांनीं आम्हांस विचारलेंही नाहीं. अर्ज तसाच घडी करून खिशांत ठेवला आणि चहा घेऊन ते गेले.

दुसरीकडे, नवीन कल्पनांस अनुदान देणाऱ्या योजनाही देशांत निघाल्या आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानें ‘निधि-प्रयास’ या नांवाची योजना काढली. तींत नमुना तयार करण्याकरितां 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेविलें गेलें. 2021 सालीं ‘स्टार्टअप इंडिया’ची बीजनिधि योजना सुरू झाली, तींत कल्पना सिद्ध करून दाखविण्यासाठीं 20 लाखांपर्यंत अनुदान ठेविलें होतें. हें साहाय्य परत करावयाचें नसतें, आणि तें बहुधा शिक्षणसंस्थांस जोडलेल्या केंद्रांच्या मार्फत दिलें जातें. मार्ग उत्तम, पण त्या मार्गावर उभें राहण्यासाठीं आधीं अर्ज लिहितां आला पाहिजे, बीजनिधीकरितां तर कंपनी नोंदविलेली पाहिजे, आणि चार तज्ञांपुढें आपला विचार मांडतां आला पाहिजे. तात्पर्य, जेथें अल्पसंख्याकांची आठवण आहे तेथें कर्ज आहे, आणि जेथें अनुदान आहे तेथें अल्पसंख्याकांची आठवण नाहीं. या दोन दारांच्या मधल्या अंगणांत आमचीं मुलें उभीं आहेत. त्यांतच केंद्र सरकारनें 2022-23 पासून पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ति बंद केली व ती नववी-दहावीपुरती ठेविली, म्हणजे आठवींत शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हातांतील पहिली काठीही गेली.

आतां कोणी विचारील कीं, गरिबी काय अल्पसंख्याकांचीच? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणें आमच्या पेशास शोभणार नाहीं. या तालुक्यांतील कोरडवाहू कास्तकाराच्या मुलाची, बंजारा तांड्यावरील मुलाची ओढाताण आम्ही वर्गांत रोज पाहतों. उलट अल्पसंख्याक म्हणजे सारे एका मापाचे असेंही नाहीं. कांहीं समाजांजवळ पिढ्यान्पिढ्यांच्या पेढ्या आहेत, आपल्या माणसास हात देण्याची रीत आहे. परंतु उद्योगांत पैशाहून मोठी एक वस्तु लागते, ती म्हणजे पत. आणि पत ही पुष्कळदां माणसाच्या कर्तृत्वावर न ठरतां त्याच्या आडनांवावर ठरते. याचें उदाहरण फार दूर शोधावयास नको. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकून आल्यावर, 1918 च्या सुमारास त्यांनीं मुंबईंत शेअरबाजारांतील व्यवहारांविषयीं सल्ला देणारी पेढी काढली होती. पेढीचा मालक अस्पृश्य आहे हें कळतांच गिऱ्हाइकें येईनाशीं झालीं आणि पेढी बुडाली. त्या काळीं त्या विषयांत त्यांच्याइतका शिकलेला माणूस साऱ्या मुंबईंत क्वचितच सांपडला असता! पुढें 1956 सालीं नागपुरास त्यांच्याबरोबर ज्यांनीं बौद्ध धर्म स्वीकारला त्यांचीं नातवंडें-पणतवंडें आज आमच्या बाकांवर बसतात. त्यांच्यापैकीं एखाद्यानें उद्यां दुकान थाटलें तर त्याच्या पाटीवर ‘अमुक महाविद्यालयाच्या उद्योगकेंद्रांत तयार झालेला माल’ एवढी एक ओळ असणें म्हणजे काय, हें ज्यांस नुसत्या आडनांवावरून कधीं परत जावें लागलें नाहीं त्यांस कळणार नाहीं.

येथें आमच्या स्वतःच्या घरचा इतिहासही झांकून ठेवणें बरें नव्हे. मिशननें या देशांत उद्योग शिकविले नाहींत असें नाहीं. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशननें सुतारकाम, विणकाम वगैरे कसबांच्या शाळा चालविल्या. मंगळुरास बाझल मिशननें 1865 सालीं कौलांचा कारखाना काढला, आणि मंगळुरी कौल आपल्या घरांवर आलें तें त्या घराण्यांतलें. शेंकडों कुटुंबांस तेथें पोट भरण्यापुरतें मिळालें. परंतु मालकी मिशनचीच राहिली. माणसें कारागीर झालीं, कांहीं मुकादम झालीं, उद्योजक फारसें कोणी झालें नाहीं. आणि पहिल्या महायुद्धांत मिशनचा जर्मनीशीं संबंध असल्यामुळें सरकारनें ते कारखाने ताब्यांत घेतले तेव्हां ज्यांनीं आयुष्यभर भट्ट्या पेटविल्या होत्या त्यांस त्याविषयीं कोणी विचारलें नाहीं. हात धरून चालविणें आणि पायांवर उभें करणें यांत अंतर आहे. आमच्या वडील पिढीनें हात फार घट्ट धरला, असें आम्हांस आदरपूर्वक म्हणावेंसें वाटतें.

याच्या उलट एक नमुना पारशी समाजाचा. जमशेटजी टाटा यांनीं 1892 सालीं उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जाणाऱ्यांकरितां एक निधि स्थापन केला. आरंभीं तो केवळ पारश्यांकरितां होता; थोड्याच काळांत तो सर्व हिंदी विद्यार्थ्यांस मोकळा झाला. घेणाऱ्यानें मिळवूं लागल्यावर रक्कम परत करावी आणि ती पुढच्यास मिळावी, अशी त्याची रचना. आपल्या लहान समाजापासून सुरुवात करून मग दार सताड उघडणें, हा क्रम आम्हांस पसंत आहे. महाविद्यालयीन अनुदानासही तो लागू करावा. आरंभ जामीनदार नसलेल्यांपासून व्हावा, आणि ज्याचा उद्योग चालला त्यानें तेवढी रक्कम त्याच महाविद्यालयाच्या निधींत टाकावी. कायद्याच्या सक्तीनें नव्हे, तर नांवाच्या लाजेनें. ज्याचा बुडाला त्याच्या दारांत मात्र वसुलीचा माणूस जाऊं नये. पहिल्या प्रयत्नांत पुष्कळांचें बुडतें. श्रीमंताच्या मुलाचेंही बुडतें, पण त्याला दुसऱ्यांदां बुडण्याची सोय असते.

रक्कम किती असावी? आमचें मत असें कीं प्रथम फार नसावी. दहा-वीस लाखांचे आंकडे ऐकून आमच्या पालकांस घेरी येते व मुलांस भलतींच स्वप्नें पडतात. पंचवीस-तीस हजारांत एक नमुना उभा राहतो, त्यांतील चुका दिसतात आणि शिक्षकासही त्या मुलाचा कस कळतो. महाविद्यालयाची लेथ, प्रयोगशाळा, नोंदवही आणि आठवड्यांतून एक वेळ देणारा एक प्राध्यापक हींच खरी देणगी. रोख रक्कम हें तिचें निमित्त. सातारच्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1947 पासून मुलांस कमवून शिकण्याची वाट घालून दिली, तेव्हां महाविद्यालय हें केवळ पुस्तकांचें ठिकाण नव्हे हें महाराष्ट्रास एकदां पटलेलें आहे. आतां कमावणें याचा अर्थ मजुरीच्या पुढें न्यावयाचा आहे.

राहतां राहिला तो फुलसावंगीचा खरा प्रश्न. पुसद हा आमचा शेजारचा तालुका. तेथें 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तरीही आठवीनंतर शाळा सुटलेला कारागीर तेथें जाण्याचें मनांत आणीत नाहीं, कारण तसा रस्ता कोणींच आंखलेला नाहीं. अनुदान जर केवळ नांव नोंदलेल्या विद्यार्थ्यासच मिळूं लागलें तर उद्यांही तो तरुण बाहेरच राहील. यास्तव ज्याला कसब आहे पण गुणपत्रिका नाहीं, त्यास एखाद्या नोंदलेल्या विद्यार्थ्याच्या जोडीनें अर्ज करतां यावा. एकानें हिशेब व आकृति पाहाव्या, दुसऱ्यानें लोखंड पाहावें. अशा जोडीकरितां या जिल्ह्यांत काम थोडें नाहीं. सन 2017 च्या पावसाळ्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसांच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. अंगावर तुषार न उडविणारा, मजुराच्या खिशास परवडणारा पंप जो कोणी करील त्याला गिऱ्हाईक शोधीत हिंडावें लागणार नाहीं.

आमच्या शाळेच्या यंदाच्या विज्ञान प्रदर्शनांत नववींतल्या एका मुलानें असाच एक पंप मांडला होता. त्याचे वडील बसस्थानकाजवळ सायकली दुरुस्त करतात. पाठीवरच्या पंपाची नळी त्यानें सायकलच्या चिमट्यांनीं लांब पुढें नेली होती, म्हणजे फवारा माणसापासून दूर पडावा. आम्हीं विचारलें, “आणि वारा उलटा फिरला तर?” तो म्हणाला, “तेंच तर अजून जमलें नाहीं, सर.” हें उत्तर ऐकून आम्हांस जितका आनंद झाला तितका बक्षीससमारंभांत झाला नाहीं. तो पंप घेऊन त्याला सुट्टींत पुसदच्या एका प्राध्यापकांकडे नेण्याचें ठरलें आहे. एस. टी. चें भाडें कोणीं द्यावयाचें यावर त्याच्या वडिलांचा आणि आमचा वाद अजून मिटलेला नाहीं. ते म्हणतात पोरगा माझा, आम्ही म्हणतों विद्यार्थी आमचा.