११ महिन्यांची इंजिनीअर

मंडळी, पुतणीची मुलगी सिव्हिलची पदवी घेऊन सरकारी दवाखान्यांच्या बांधकामावर लागली. फोनवर जो तो म्हणतोय, "सरकारी ना? मग सुटली!" अहो, नेमणूकपत्र तरी वाचा. कंत्राटी, ११ महिने.

आमच्यातलेच एकजण (नाव नको, ते हे वाचतात) म्हणतात, भिंती बांधायला कायमचा माणूस कशाला? नुसत्या भिंती? ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनची टाकी गळली, २० हून जास्त रुग्ण दगावले. यात डॉक्टरच्या हातातलं काय होतं? विजेची उपकरणं, नळ्या, झडपा... हे रोज बघणारा, कुठल्या भिंतीतून काय गेलंय ते ठाऊक असलेला माणूस लागतो. ११ महिन्यांत जेमतेम एक पावसाळा बघून होतो! छत कुठे गळतं ते कळेस्तोवर मुदत संपते. मग नवं पोर, पुन्हा श्रीगणेशा.

पोरीने जावंच, असं मी तिला सांगितलंय. पण मतं मागायला दारात येतील त्यांना विचारणार आहे, आम्हा मास्तरांना कायम केलंत, मग हिला का नाही?