प्रश्न उद्भवत नाही

आपल्या विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांची एक ठरीव भाषा आहे. सदस्य विचारतात, ‘अमुक रुग्णालयातील कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र बंद आहे, हे खरे आहे काय?’ पुढे, ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ आणि शेवटी हमखास, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरेही ठरलेली. ‘अंशतः खरे आहे.’ ‘कार्यवाही सुरू आहे.’ आणि शेवटच्या प्रश्नापुढे, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

बँकेत उभी हयात गेल्यामुळे ही भाषा मला परकी नाही. तपासणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यांवर आम्हीही लिहीत असू, ‘नोंद घेतली, पूर्तता करीत आहोत.’ पुढल्या वर्षी तोच शेरा पुन्हा येई. पण आमच्या शेऱ्याखाली एखादे खाते असे. इथे माणूस असतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्यांना घशाचा कर्करोग झाला. जवळच्या सरकारी रुग्णालयातले यंत्र नादुरुस्त होते. सुटा भाग यायचा होता. तो येईल म्हणून दीड महिना वाट पाहिली आणि मग मुंबई गाठली. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालतात. तेवढे दिवस गावाकडच्या घराला कुलूप, आणि बहीण धर्मशाळेत स्टोव्हवर पेज शिजवते आहे. मेव्हणे वाचले नाहीत. तो दीड महिना वाचला असता तर काय झाले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. पण विलंबाच्या कारणांचा प्रश्न आमच्या घरात उद्भवला होता, एवढे खरे.

दिल्लीत विचारावे, तर सार्वजनिक आरोग्य हा घटनेनुसार राज्यांचा विषय, असे उत्तर मिळते. परळचे टाटा रुग्णालय मात्र १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे प्रश्न कोणाला विचारायचा, हेच आधी शिकावे लागते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात आणि तास एकच असतो. त्यामुळे बहुतेकांची उत्तरे लेखीच राहतात. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात तर करोनामुळे तो तासही नव्हता.

तरीही हे आयुध बोथट आहे असे मी म्हणणार नाही. ‘माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू’ असे मंत्री म्हणाले, की लोकसभेत ते आश्वासन धरले जाते. ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि त्यासाठी आश्वासन समिती पाठपुरावा करते. अट एकच, प्रश्न आकड्यांत बांधलेला हवा. १९८७ साली बार्शीला ग्रामीण भागातली कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा कुठे खेड्यातला रोगी मोजला जाऊ लागला. मोजले नाही तर विचारता येत नाही. यंत्र वर्षात किती दिवस चालले? तंत्रज्ञांची किती पदे भरली? निदानापासून पहिल्या उपचारापर्यंत रोग्याला किती दिवस थांबावे लागले? या प्रश्नांना ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर चालत नाही.

आमदार आपल्याकडे लग्नामुंजीला येतात, सांत्वनालाही येतात. पुढल्या खेपेला चहा झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे, ‘साहेब, मागच्या अधिवेशनात आपल्या इस्पितळाबद्दल आपण काय विचारलेत?’