अपघाताची भरपाई: लोक अदालतीत मिटवायचं की ट्रिब्युनलमध्ये लढायचं?

'लोक अदालतीत मिटवून टाका, चेक लवकर मिळेल,' असं विमा कंपनीचे वकील सांगतात. हॉस्पिटलची उधारी डोक्यावर असताना नाही म्हणणं अवघडच. पण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. पुढे पायाचं दुसरं ऑपरेशन निघालं, तर तो खर्च तुमच्याच खिशातून.

म्हणून आधी हिशेब मांडा. समजा, 30 वर्षांचा रिक्षाचालक महिन्याला 15 हजार कमावतो. या वयाला गुणक 17. सर्टिफिकेटवर 30 टक्के अपंगत्व असेल, तर कमाईचं नुकसान 9 लाख 18 हजार होतं, तेही भविष्यातली वाढ न धरता. पण त्या पायामुळे रिक्षाच सुटली असेल तर? शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान यांचे टक्के एकच नसतात, असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये 'राज कुमार विरुद्ध अजय कुमार' निकालात स्पष्ट केलंय. समोरची ऑफर नुसत्या सर्टिफिकेटवर बेतलेली असेल, तर ती कमीच आहे.

अर्थात, अपघातात तुमचीही चूक असेल तर ट्रिब्युनल तेवढी रक्कम कापतं. अशा वेळी तडजोड शहाणपणाची ठरू शकते.

आणि लोक अदालतीत नकार दिला म्हणून केस संपत नाही. ती परत ट्रिब्युनलकडे जाते, जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालते.