माडीवरच्या खोलीत मुलांचे बिऱ्हाड



चिंचवडगावात मोरया गोसावींची समाधी, मंगलमूर्ती वाडा आणि आता स्मारक झालेला चापेकर वाडा यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून हिंडलात, तर नव्या इमारतींच्या मध्येच एखादा जुना वाडा दिसतो. समजा, असा एक वाडा पाडायचा नाही, दुरुस्त करायचा, असे घरच्यांनी ठरवले. वडील चाकणच्या कारखान्यात, मुलगी आठवीत. तिला अभ्यासाला आणि निजायला खोली हवी. माडीवरची दोन खणांची खोली मोकळी आहे. मग मिस्त्री येतो आणि ठरलेला बेत सांगतो: भिंतीची माती खरवडून सिमेंटचा गिलावा, त्यावर तेलरंग, कडीपाट झाकायला प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत आणि खोली तापू नये म्हणून एअरकंडिशनर.

माझे मत असे, की यातले जवळजवळ काहीच करू नये. जुन्याचा लळा हे त्याचे कारण नव्हे. कारण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

वाड्याची भिंत दीड-दोन फूट जाड असते. दुपारच्या उन्हाची उष्णता बाहेरून आत शिरायला वेळ लागतो. नऊ इंची विटेच्या भिंतीतून ती आत पोहोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. दोन फुटी भिंतीत तर उष्णतेची लाट वाटेतच बरीचशी विरते. म्हणून बाहेर वैशाखवणवा असताना माडीवरच्या या भिंतीला हात लावला तर गार लागतो. मात्र एक पथ्य आहे: रात्री खिडक्या उघड्या हव्यात, म्हणजे भिंतीने दिवसभर साठवलेली उष्णता निघून जाते. डासांसाठी जाळी बसवा. छपरातून येणारी उष्णता वेगळी. तिच्यासाठी कौलांखाली नीट अस्तर घातले तर खोलीला यंत्राची गरज क्वचितच पडेल.

आता गिलाव्याचे पाहू. चुनखडी भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घातले की तो फुलतो. भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच होतो. हा थर सच्छिद्र असतो. पावसाळ्यात मातीच्या भिंतीत मुरलेले पाणी त्यातून वाफ होऊन बाहेर पडते. सिमेंट आणि तेलरंग ही वाटच बंद करतात. पाणी आत कोंडते, माती मऊ पडते, क्षार फुगून गिलाव्याचे पोपडे निघतात आणि ओलसर कोपऱ्यात बुरशी धरते. त्याच कोपऱ्यात मुलीची गादी! चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की सदरा पांढरा होतो, ही तक्रार खरी आहे. तेवढ्या भागापुरती आडवी फळी ठोकावी. पूर्वी तसेच करीत.

सर्वांत गंभीर गोष्ट जुन्या रंगाची. दारे-खिडक्यांवर साचलेल्या तेलरंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांची खात्री देता येत नाही. लहान मूल पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि रक्तातले कितीही थोडे शिसे निर्धोक मानलेले नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, जाळून तर मुळीच काढू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावा, पोपडे कागदात गोळा करावेत, जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि काम पुरे होईपर्यंत मुलांना तिकडे फिरकू देऊ नये. मिस्त्री हसेल, हसू द्या.

खिडकीची गंमत अशी, की ती जमिनीलगत असते, कारण घरातली माणसे बैठकीवर बसत. तिथे आजचे उंच टेबल ठेवले तर उजेड टेबलाखाली पडतो! त्यापेक्षा दिवाणजींच्या जुन्या उतरत्या डेस्कसारखे ठेंगणे मेज करावे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे अक्षरावर हाताची सावली पडत नाही. गजांमधले अंतर मात्र दहा सेंटिमीटरपेक्षा कमी हवे, नाहीतर ठेंगणी खिडकी धाकट्या भावंडाला धोक्याची. कोनाडे बुजवू नका. पुस्तकांना याहून चांगली जागा नाही.

वाड्यात सगळेच चांगले होते असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. माजघरे अंधारी असत, मातीच्या भिंतींत उंदरांची बिळे असत, आणि चापेकर बंधूंचे नाव घेतले की १८९७ चा प्लेग आठवतोच. तेव्हा बिळे बुजवावीत, विजेच्या जुन्या तारा बदलाव्यात, तुळयांना वाळवी आहे का ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. माजघरात तर मुलांची खोली करूच नये.

तुमच्या घरी असा बेत चालला असेल, तर मे महिन्यात आठ दिवस एक काम करा. दोन साधे तापमापक घ्या. एक माडीवरच्या खोलीत, दुसरा बाहेर सावलीत टांगा. दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता दोन्हींचे आकडे वहीत मांडा, आलेख काढा, आणि गिलाव्याचा सौदा ठरायच्या आधी तो कागद वडिलांच्या आणि मिस्त्रीच्या पुढे ठेवा.