नाणे चलनी की संग्रही?

इस्राएल आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यात २०२० साली करार झाल्यापासून आपल्या मंडळींस दुबईस जाणे-येणे सुलभ झाले आहे. दुबई आणि शारजा यांच्या हद्दीवरील अल नहदा या वस्तीत भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. तेथील आप्तांकडून येणारी नाणी आणि मुंबईहून वडिलांनी आणलेली नाणी अनेक घरांत एकाच डब्यात पडलेली असतात. वडिलांच्या पश्चात तो डबा उघडला जातो, आणि पारख नसल्यामुळे चांदीचे नाणे मोडीत जाते किंवा मामुली नाण्यास भलती किंमत मोजली जाते. म्हणून हा विषय आम्ही घेतला आहे.

नाण्यावर रक्कम लिहिली आहे म्हणून ते बाजारात चालले असेलच असे नव्हे. शारजाने १९६४ साली केनेडी यांच्या स्मरणार्थ ५ रुपयांचे चांदीचे नाणे काढले. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी काढलेला रुपया तेव्हा तेथे चालू होता, हे त्या ‘रुपये’ शब्दाचे कारण. परंतु ते नाणे संग्राहकांसाठी होते. भाजी घेण्यास कोणी ते वापरले नाही. उलट अमिरातीचा स्मारक छापाचा १ दिरहम पुष्कळदा साध्या दिरहमाबरोबर चलनात फिरतो. सबब, निराळे चित्र दिसले की नाणे मौल्यवान, हा समज सोडावा.

खरी ओळख घडणीत असते. ‘प्रूफ’ नाण्यासाठी ठसा व चकती दोन्ही घोटून घेतात आणि ठोकाही एकाहून अधिक वेळा देतात. त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा, चित्र बहुधा दुधट, आणि कडा धारदार दिसते. चलनी नाणे एकाच ठोक्यात होते व पोत्यात आदळते. नवे असतानाही त्यावर बारीक ओरखडे असतात. नुसती चकाकी हा पुरावा नव्हे.

टांकसाळीची खूणही पाहावी. मुंबईच्या चलनी नाण्यांवर सालाखाली चौकट असते. प्रूफ नाण्यांवर पूर्वी ‘बी’ आणि १९९६ पासून ‘एम’ हे इंग्रजी अक्षर येते. इस्राएलमध्ये १९७० च्या दशकात संग्राहकांना संच करून विकलेल्या अगोरा नाण्यांवर लहानसा मागेन दावीद आहे. तोच छाप चलनात असताना त्यावर तो नाही. लोहचुंबकास नाणे चिकटले तर ते चांदीचे नाही. न चिकटले तरी चांदीचेच असेल असे नाही, कारण तांबे-निकेलही चिकटत नाही.

शेवटी गृहिणींना एक विनंती. तांब्याची भांडी घासावीत तशी नाणी चिंच, लिंबू वा राखेने घासू नयेत. आरसा एकदा ओरखडला की तो परत येत नाही, आणि किंमतही. नाणे कडेने धरावे, मूळ डबी व कागद फेकू नयेत, आणि विकण्यापूर्वी दोन जाणकारांस दाखवावे. वडिलांनी ते जपले ते कशासाठी, हे घरातील वृद्धांना आजच विचारून ठेवावे; ती माहिती कोणत्याही नाण्यावर छापलेली नसते.