कुंपण नाही, तर अनुदान नाही



उन्हाळा लागला की शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या येऊ लागतात. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि विषय मिटतो. तो मिटू नये, म्हणून हे पत्र.

आमच्या वालूरच्या चक्राकार बारवेत पायऱ्या वळत वळत पाण्यापर्यंत जातात. तोल गेलाच तर हाताला दगड लागतो. शेततळ्यात हाताला काहीच लागत नाही. तीन मीटर खोल खड्डा, चारी बाजूंनी उतार, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि कागदावर शेवाळ. वेचणीच्या दिवसांत आई कापसात असते, लेकरू बांधावर खेळतं, हात धुवायला वाकतं आणि घसरतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्या कागदावरून वर येणं जड जातं, म्हणून वाचवायला उतरलेला माणूसही जातो.

मालक म्हणतात, ‘तळं माझ्या रानात आहे, पोरांना कोणी बोलावलं?’ हलगर्जीपणाने जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जागा कोणाची हे ते कलम विचारत नाही. बोअरवेल खोदताना तारेचं कुंपण आणि फलक लावण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच दिले आहेत. काही इंचांच्या बोअरला जो न्याय, तो तीस मीटर लांबीच्या तळ्याला का नाही?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाख रुपये मिळतात, पण वय 10 ते 75 असेल तरच. सहा वर्षांचं लेकरू त्यात बसत नाही. भूमिहीन मजुराच्या घराला तर ती लागूच नाही, आणि बांधावर बसलेली लेकरं बहुतेक त्यांचीच असतात.

कुंपणाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याला पेलत नाही, हे खरं आहे. म्हणून तो अनुदानातच धरावा. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत फलक स्वखर्चाने लावण्याची अट होती; मग कुंपणाची अट सरकारी पैशाने घालायला काय हरकत आहे? मोजमाप घेताना कुंपण, फाटक आणि पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर पाहावेत, मगच पैसे खात्यावर जमा करावेत.

जुन्या तळ्यांना मात्र शासन निर्णयाची वाट पाहायला नको. नायलॉनचा दोर आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब आजही काठावर ठेवता येते. पुढच्या ग्रामसभेत शिवारातल्या प्रत्येक उघड्या तळ्याची यादी मालकाच्या नावासह वाचून दाखवावी.

— एक वाचक, वालूर (ता. सेलू, जि. परभणी)