धावून जाणाऱ्यांच्या घराकडे कोण धावणार?

२५ जानेवारी २०१२ ची सकाळ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वारगेट आगारातून एका एस. टी. चालकाने बस पळविली आणि शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून बेफाम हाकली. नऊ जणांचा बळी गेला, अनेक जखमी झाले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये चालकाची फाशी रद्द होऊन त्याला जन्मठेप झाली. त्याचे मन ठिकाणावर होते की नाही, यावर न्यायालयात आणि घराघरांत भरपूर चर्चा झाली. परंतु त्या बसचा पाठलाग करणारे पोलीस, जखमींना उचलणारे हात आणि संध्याकाळी त्यांची वाट पाहणारी घरे, यांच्या मनाचा विचार त्या मानाने फार थोडा झाला.

पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, रुग्णवाहिकेचे चालक व डॉक्टर ही माणसे संकटात सर्वांत आधी पोहोचतात. आपण जे दृश्य पाहून मान फिरवतो, ते त्यांना जवळून पाहावे लागते, हाताळावे लागते. कामाच्या धांदलीत मन गप्प बसते. घरी आल्यावर बोलू लागते. झोप लागत नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येते, ब्रेकच्या आवाजाने छातीत धडधडते. पहिल्या काही दिवसांत असे होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप बरे वाटते. मात्र महिना उलटूनही त्रास चालूच राहिला आणि त्यापायी कामात, संसारात अडथळा येऊ लागला, तर तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. तो भित्रेपणा नव्हे, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

हा आजार प्रथम कोणाच्या लक्षात येतो? साहेबांच्या नव्हे, घरच्यांच्या. मुलांवर विनाकारण ओरडणे, जेवणाच्या ताटावरून उठून जाणे, एकलकोंडेपणा, रोजची दारू, या खुणा बायको आणि आई आधी ओळखतात. पण सांगायचे कोणाला? एका हवालदाराच्या पत्नी मला म्हणाल्या, "डॉक्टर, यांना सांगितलं तर चिडतात, आणि ऑफिसात कळलं तर नोकरीवर येईल." ही भीती केवळ त्यांच्या एकट्यांची नाही.

आपल्याकडे यावरचा ठरलेला उपाय म्हणजे एक दिवसाचे ताणमुक्ती शिबिर. योग, प्राणायाम चांगलेच. पण तेवढ्याने हा आजार बरा होत नाही. दुर्घटनेनंतर सर्वांना एकत्र बसवून, एकाच बैठकीत सगळे बोलायला लावण्याची पद्धत परदेशात बरीच वर्षे चालली. पुढे अभ्यासाअंती दिसले, की तिने हा विकार टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा साधा आहे: पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या. बोलण्याची सक्ती नको.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की मदत कार्यालयात नव्हे, वसाहतीत हवी. स्वारगेटच्या पोलीस वसाहतीसारख्या ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ प्रशिक्षित समुपदेशक बसावा, आणि त्याच्याकडे पत्नीला, आईवडिलांना, मोठ्या मुलांना थेट जाता यावे. दुसरे, तेथे बोललेले सेवापुस्तकात उतरू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांच्या गुप्ततेचा हक्क दिलेलाच आहे. तो खात्यांनी मनापासून पाळावा. तिसरे, विश्रांती. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. गणेशोत्सवातला बंदोबस्त एकामागून एक दिवस उभ्याने करणाऱ्या माणसाला समुपदेशनाआधी झोप हवी असते.

तोवर घरच्यांनी काय करावे? "काय झालं ते सांगा" म्हणून पिच्छा पुरवू नये. बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकावे. जेवणाची, झोपेची वेळ सांभाळावी. "तुम्ही पुरुष ना?" असे टोमणे टाळावेत. झोपेसाठी दारू हा उपाय नव्हे. तिने झोप बिघडतेच. त्रास महिनाभर टिकला तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. विशिष्ट मानसोपचार आणि गरजेप्रमाणे औषधे यांनी पुष्कळांना गुण येतो. "जगून काय उपयोग" अशी भाषा आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. माणसाला एकटे सोडू नये, घरात शस्त्र असल्यास ते हलवावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो, आणि तेथे मराठीत बोलता येते. घरच्या माणसांनी स्वतःसाठीही तो फिरवावा. सोसणाऱ्याबरोबर राहणाराही सोसत असतो.

संकटात आपण १०१ किंवा १०८ फिरवतो आणि कोणीतरी येईल असा भरवसा धरतो. येणाऱ्याच्या घरालाही तसाच भरवसा देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.